मधुमेहातले कोलेस्टेरॉल : बदललेले कण, मंदावलेले यकृत

मधुमेह रक्तातल्या साखरेवरून ओळखला जातो, पण मधुमेही माणसाचा जीव बहुतेक वेळा हृदयविकार किंवा पक्षाघात घेतो. या दोन्हींच्या मुळाशी धमन्यांच्या भिंतीत साठलेले कोलेस्टेरॉल असते. तेव्हा मधुमेह्याच्या रक्तात एलडीएल, म्हणजे ज्याला आपण ‘वाईट कोलेस्टेरॉल’ म्हणतो ते, भरमसाट वाढलेले असणार असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात टाइप २ मधुमेह असलेल्या अनेकांचे एलडीएल त्याच वयाच्या निरोगी माणसाइतकेच असते. ट्रायग्लिसराइड ही मेदद्रव्ये वाढलेली असतात, ‘चांगले कोलेस्टेरॉल’ म्हणवले जाणारे एचडीएल घटलेले असते, एलडीएलचा आकडा मात्र बेताचा. तरीही हृदयविकाराचा धोका जवळजवळ दुप्पट असतो. आकडा सारखा असून धोका दुप्पट, हे कसे?

गेल्या पन्नास वर्षांत या प्रश्नाचा शोध दोन टोकांनी घेतला गेला. काही संशोधकांनी कोलेस्टेरॉल वाहणारे कण तपासले: ते किती आहेत, केवढे आहेत, त्यांच्यातल्या प्रथिनावर काय चिकटले आहे. काहींनी ते कण रक्तातून उचलणारे यकृत तपासले. दोन्हीकडचे निष्कर्ष एकत्र ठेवले की चित्र स्पष्ट होते. मधुमेहात कण बदलतात आणि त्याच वेळी यकृताची ते उचलण्याची क्षमताही घटते. परिणामी कण रक्तात जास्त काळ राहतात आणि धमनीच्या भिंतीत शिरायला त्यांना जास्त संधी मिळते. एलडीएल कोलेस्टेरॉलचा एकटा आकडा या दोन्हींपैकी काहीच दाखवत नाही. म्हणून मधुमेह्याची तपासणी आणि उपचार त्या एका आकड्यावर सोपवता येत नाहीत, हे या आढाव्यातून मांडायचे आहे.

निरोगी शरीरातली व्यवस्था

कोलेस्टेरॉल पाण्यात विरघळत नाही. रक्तातून प्रवास करायचा तर ते प्रथिने आणि फॉस्फोलिपिड यांच्या वेष्टनात बांधलेले असावे लागते. अशा कणांना लिपोप्रोटीन म्हणतात. जेवणानंतर आतडे कायलोमायक्रॉन नावाचे मोठे कण सोडते आणि यकृत अहोरात्र व्हीएलडीएल सोडत असते. दोन्हींमधला मुख्य माल ट्रायग्लिसराइड हा असतो. स्नायू आणि मेदाच्या ऊतींतील केशवाहिन्यांच्या भिंतीवर लिपोप्रोटीन लायपेज हे विकर असते. ते हा माल फोडून पेशींना देते. मागे उरतो आक्रसलेला, कोलेस्टेरॉलने भरलेला अवशेष. त्यातले काही अवशेष यकृत थेट उचलते, तर व्हीएलडीएलच्या उरलेल्या अवशेषांपासून एलडीएल तयार होते.

प्रत्येक व्हीएलडीएल आणि एलडीएल कणावर एपोबी-१०० या प्रथिनाचा एकच रेणू असतो. हा ४,५३६ अमिनो आम्लांचा अवाढव्य रेणू कण यकृतातून निघाल्यापासून नष्ट होईपर्यंत त्याला सोडत नाही. त्यामुळे रक्तातले एपोबी मोजले की कणांची संख्याच मोजली जाते. ही गोष्ट पुढे वारंवार उपयोगी पडेल.

एलडीएल रक्तातून बाहेर कसे जाते, हे कोडे टेक्सासमधील डॅलस येथे मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन यांनी १९७३-७४ मध्ये सोडवले. लहान वयात हृदयविकार होणाऱ्या आनुवंशिक कोलेस्टेरॉलवाढीच्या रुग्णांच्या त्वचापेशींची त्यांनी निरोगी पेशींशी तुलना केली. निरोगी पेशींच्या पृष्ठभागावर एलडीएल पकडणारा रिसेप्टर होता, रुग्णांच्या पेशींवर तो नव्हता किंवा निकामी होता. या कामासाठी दोघांना १९८५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. एलडीएल रिसेप्टर कणाला पकडून पेशीच्या आत नेतो. आतल्या आम्लधर्मी पुटिकेत कण सुटतो. मग पैलतीरी उतारू सोडून रिकामी नाव घेऊन परतणाऱ्या नावाड्यासारखा रिसेप्टर पुन्हा पृष्ठभागावर येतो. अशी एक फेरी सुमारे दहा मिनिटांची असते आणि एक रिसेप्टर आपल्या आयुष्यात शंभराहून अधिक फेऱ्या करतो. रक्तातल्या एलडीएलपैकी सुमारे ७० टक्के याच मार्गाने यकृतात जाते.

कण आणि रिसेप्टर यांची पकड मुख्यतः विद्युतभारावर असते. एपोबीच्या एका ठरावीक भागात लायसिन आणि आर्जिनिन ही धनभारित अमिनो आम्ले दाटीने आहेत, तर रिसेप्टरच्या पृष्ठभागावर ऋणभार आहे. हा धनभार पुसला गेला की पकड सुटते. मधुमेहातील साखर नेमकी याच जागी अडथळा आणते.

उगमापाशीच वाढ

मधुमेहातली पहिली गडबड कण यकृताबाहेर पडण्याआधी सुरू होते. जेवणानंतर वाढलेले इन्सुलिन एरवी यकृताचे व्हीएलडीएल बनवण्याचे काम तात्पुरते थांबवते, कारण त्या वेळी आतड्यातून आलेला माल आधीच रक्तात असतो. इन्सुलिन हे तीन मार्गांनी साधते. ते मेदपेशींतून मेदाम्ले सुटू देत नाही. नव्याने तयार झालेले काही एपोबी ते यकृतातच मोडायला लावते. आणि एपोबीवर मेद चढवणाऱ्या प्रथिनाची निर्मितीही ते कमी करते.

इन्सुलिनला प्रतिरोध निर्माण झाला की हे तिन्ही लगाम सैल पडतात. मेदाम्लांचा ओघ यकृताकडे वाहू लागतो, एपोबी मोडले जात नाही आणि यकृत जेवणानंतरही मोठमोठे, ट्रायग्लिसराइडने भरलेले व्हीएलडीएल सोडत राहते. फिनलंडमधील हेलसिंकी येथे मार्या-रिटा टास्किनेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कणांच्या निर्मितीचा वेग माणसांत मोजून ही अतिनिर्मिती दाखवून दिली.

याच टप्प्यावर एक विसंगती आढळते. यकृताने इन्सुलिनला दाद देणे पूर्ण थांबवले असते तर साखरेपासून नवा मेद बनवण्याचे कामही थांबायला हवे होते, कारण तेही इन्सुलिनच्याच हुकमाने चालते. पण ते थांबत नाही. साखर बनवणे थांबवण्याचा आदेश यकृत पाळत नाही, मेद बनवण्याचा मात्र पाळते. २००८ मध्ये ब्राउन आणि गोल्डस्टीन यांनी या निवडक प्रतिरोधाकडे ठळकपणे लक्ष वेधले. टाइप २ मधुमेहात साखर आणि ट्रायग्लिसराइड एकाच वेळी का वाढतात आणि यकृतात मेद का साठतो, याचे बरेचसे उत्तर यात मिळते.

त्यात एपोसी-थ्री या प्रथिनाची भर पडते. इन्सुलिन एरवी त्याची निर्मिती दाबून ठेवते. मधुमेहात ते वाढते. वाढलेले एपोसी-थ्री लिपोप्रोटीन लायपेजच्या कामात अडथळा आणते आणि अवशेषांना यकृतात जाण्यापासूनही रोखते. म्हणजे कण जास्त निर्माण होतात, रक्तात हळू फुटतात आणि बाहेरही उशिरा पडतात.

लहान आणि दाट एलडीएल

रक्तात ट्रायग्लिसराइडने भरलेले कण जास्त काळ फिरू लागले की त्याचा परिणाम एलडीएल आणि एचडीएलवरही होतो. सीईटीपी नावाचे प्रथिन कणाकणांत अदलाबदल घडवते. ते व्हीएलडीएलमधले ट्रायग्लिसराइड एलडीएल-एचडीएलला देते आणि त्यांच्याकडचे कोलेस्टेरॉल व्हीएलडीएलकडे नेते. एलडीएलमध्ये आलेले हे ट्रायग्लिसराइड पुढे यकृतातले लायपेज विकर फोडून काढते. कण आक्रसतो आणि दाट होतो. अमेरिकेत रोनाल्ड क्रॉस आणि मेलिसा ऑस्टिन यांच्या १९८० च्या दशकातील कामामुळे लहान, दाट एलडीएल आणि हृदयविकार यांचा संबंध संशोधकांपुढे आला.

अशा कणावरचे एपोबी वेगळ्या रीतीने मांडले जाते आणि एलडीएल रिसेप्टरशी त्याची पकड ढिली होते. तो रक्तात जास्त दिवस राहतो. या वाढीव दिवसांत त्यावर साखर चिकटायला आणि त्याचे ऑक्सिडीकरण व्हायला जास्त वेळ मिळतो. धमनीच्या भिंतीतल्या प्रोटिओग्लायकन रेणूंना तो अधिक घट्ट चिकटतो. शिवाय प्रत्येक लहान कणात कोलेस्टेरॉल कमी मावते. त्यामुळे एकूण एलडीएल कोलेस्टेरॉलचा आकडा तेवढाच असला, तरी ते वाहणारे कण संख्येने जास्त असू शकतात. सुरुवातीच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर इथे मिळते: कोलेस्टेरॉल तेवढेच असले तरी एपोबी वाढलेले असते.

साखर चिकटलेले एपोबी

इराणचे शास्त्रज्ञ सॅम्युएल रहबर यांना १९६० च्या दशकाच्या अखेरीस तेहरानमध्ये मधुमेह्यांच्या रक्तात एक वेगळे हिमोग्लोबिन वाढलेले आढळले. आज एचबीएवनसी चाचणीतून ज्याचे मोजमाप होते ते हेच. साखर कोणत्याही विकराच्या मदतीशिवाय प्रथिनांना चिकटते, हे पक्के झाल्यावर पुढचा प्रश्न ओघानेच आला. हिमोग्लोबिनला चिकटणारी साखर एपोबीला का चिकटणार नाही?

ती चिकटते, आणि बहुतांशी लायसिनलाच. कॅलिफोर्नियातील जोसेफ विट्झटम, डॅनियल स्टाइनबर्ग आणि सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला प्रयोगशाळेत एलडीएलवर साखर चढवून त्याचे पुढे काय होते ते पाहिले. बरीचशी लायसिन साखरेने झाकली की रिसेप्टर कणाला ओळखेनासा होतो. मधुमेही रक्तात आढळते तेवढीच, म्हणजे फार थोडी साखर चढवली, तरी कण नष्ट होण्याचा वेग कमी होतो. २ ते ५ टक्के लायसिन झाकली गेल्यावर ही घट सुमारे ५ ते २५ टक्के होती.

रुग्णांच्या कणांवर झालेला प्रयोग यापेक्षा बोलका आहे. मारिया लोपेस-व्हिरेला आणि सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये टाइप १ मधुमेह्यांचे एलडीएल साखर नियंत्रणात येण्याआधी आणि आल्यानंतर वेगळे काढले आणि ते निरोगी माणसाच्या पेशींना दिले. आधीचे एलडीएल पेशींनी कमी उचलले, नंतरचे चांगले उचलले. पेशी निरोगी होत्या, म्हणजे दोष कणात होता, आणि साखर आटोक्यात आल्यावर तो सुधारत होता.

पुढच्या टप्प्यावर चिकटलेली साखर रूप बदलत ‘एजीई’ या स्थिर आणि न सुटणाऱ्या संयुगांत जाते. रिचर्ड बुकाला आणि सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये मानवी एलडीएल रिसेप्टर बसवलेल्या उंदरांत एजीईयुक्त एलडीएल सोडले तेव्हा ते रक्तातून फार हळू बाहेर पडले. एजीई बनू न देणारे अमिनोग्वानिडिन मधुमेह्यांना दिल्यावर त्यांचे एलडीएल २८ टक्क्यांनी उतरले. हे औषध पुढे बाजारात आले नाही, पण साखर चिकटणे आणि एलडीएल रक्तात तुंबणे यांचा संबंध माणसांतही असल्याची ती खूण होती. आर्जिनिनला चिकटणाऱ्या मिथाइलग्लायॉक्सालचा विषय २०११ मध्ये इंग्लंडमधील नायला रब्बानी आणि पॉल थॉर्नाली यांनी पुढे नेला. या रेणूमुळे एलडीएल आणखी लहान, दाट आणि धमनीच्या भिंतीला चिकटणारे होते, असे त्यांना दिसले.

यकृताने न उचललेले कण कुठेतरी जातातच. धमनीच्या भिंतीतल्या भक्षकपेशींवर वेगळ्या जातीचे रिसेप्टर असतात. त्यांना एजीईयुक्त आणि ऑक्सिडीकरण झालेले कण चालतात. शिवाय यकृतपेशी पोट भरल्यावर आपले रिसेप्टर कमी करते, भक्षकपेशी तसे करत नाही. ती कोलेस्टेरॉल गिळत राहते आणि शेवटी फेसाळ पेशी बनून भिंतीतच अडकते. धमनीतल्या गाठीची सुरुवात इथून होते.

तरीही सगळा दोष साखरेच्या चिकटण्याला देता येत नाही. लाल पेशी १२० दिवस जगते, तर एलडीएल कण दोन-तीन दिवस. तेवढ्या वेळात साखर चिकटलेल्या कणांचे प्रमाण मर्यादितच राहते. उत्तराचा उरलेला भाग यकृतात शोधावा लागतो.

यकृताची बाजू

इन्सुलिन एलडीएल रिसेप्टरची संख्या वाढवते. सिएटलमध्ये ॲलन चेट, एडविन बिअरमन आणि जॉन अल्बर्स यांनी १९७९ मध्ये हे त्वचापेशींवर दाखवले आणि १९८४ मध्ये इन्सुलिनमुळे एलडीएल नष्ट होण्याचा वेग वाढतो, हे शरीरातही दिसले. इन्सुलिनची उणीव किंवा त्याला प्रतिरोध असेल तर रिसेप्टर कमी पडणार, असा याचा सरळ अर्थ. फ्रान्समधील एका गटाने २००३ मध्ये टाइप २ मधुमेह्यांच्या रक्तपेशींवरचे एलडीएल रिसेप्टर मोजले. ते कमी होते आणि इन्सुलिनचे उपचार सुरू केल्यावर पूर्ववत झाले.

त्याच २००३ साली पीसीएसके-नाइन हे प्रथिन आणि कोलेस्टेरॉल यांचा संबंध माँट्रियल आणि पॅरिस येथील संशोधकांनी उघड केला. हे प्रथिन एलडीएल रिसेप्टरला चिकटले की तो पृष्ठभागावर परतत नाही, पेशीतच मोडला जातो. मधुमेहात पीसीएसके-नाइनचे काय होते यावर मात्र एकमत नाही. काही प्रयोगांत इन्सुलिन ते वाढवते, काहींत कमी करते. प्राणी कोणता, उपाशी की पोट भरलेले, प्रतिरोध किती, यावर उत्तर बदलते.

इन्सुलिनच्या विरुद्ध काम करणाऱ्या ग्लुकागॉनचीही यात अनपेक्षित भूमिका निघाली. ग्लुकागॉन यकृताला साखर सोडायला लावते, म्हणून ते रोखणारी औषधे मधुमेहासाठी तपासली गेली. साखर उतरली, पण एलडीएल वाढले. ग्लुकागॉन एरवी पीसीएसके-नाइन दाबून ठेवते आणि त्यामुळे रिसेप्टर टिकतात, असे पुढच्या प्रयोगांतून दिसले. साखर उतरवणारे प्रत्येक औषध यकृताचे कण उचलण्याचे काम सुधारेलच असे नाही, हा धडा या चाचण्यांतून मिळाला.

जेवणानंतरचे अवशेष

एलडीएलची चर्चा खूप झाली, पण मधुमेहात यकृत सर्वांत जास्त कमी पडते ते बहुधा जेवणानंतरच्या अवशेषांच्या बाबतीत. हे अवशेष यकृतातल्या केशवाहिन्यांच्या भिंतीतील सूक्ष्म छिद्रांतून पलीकडच्या अरुंद पोकळीत शिरतात. तिथे यकृतपेशीच्या पृष्ठभागावर हेपरन सल्फेट या लांब साखळ्या असतात. त्यांच्यावरच्या सल्फेट गटांचा ऋणभार अवशेषांना धरून ठेवतो. मग काही अवशेष त्या साखळ्यांसह थेट आत जातात, तर काही एलडीएल रिसेप्टर किंवा त्याचा मोठा भाऊबंद एलआरपी-वन यांच्यामार्फत.

मधुमेहात या वाटेवर जागोजागी अडथळे येतात. केशवाहिन्यांच्या भिंतीतील छिद्रे कमी होतात. इन्सुलिन एरवी एलआरपी-वनला पेशीच्या आतून पृष्ठभागावर आणते. प्रतिरोध असलेल्या उंदरांत हे होत नाही. अमेरिकेत केविन जॉन विल्यम्स यांच्या गटाने सल्फ-टू या विकराकडे लक्ष वेधले. हे विकर हेपरन सल्फेटवरचे काही सल्फेट गट काढून टाकते. मधुमेही, लठ्ठ उंदरांच्या यकृतात ते वाढलेले होते. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात या विकराची निर्मिती रोखल्यावर उंदरांचे यकृत पुन्हा अवशेष उचलू लागले. सल्फ-टूच्या जनुकातील एका भेदाचा मधुमेही माणसांच्या जेवणानंतरच्या ट्रायग्लिसराइडशी संबंध असल्याचेही पुढे आढळले.

या अवशेषांवरही एपोबी असते आणि कोलेस्टेरॉल असते. पण एलडीएलच्या नेहमीच्या आकड्यात ते धरले जात नाहीत.

एचडीएलची गोष्ट थोडक्यात सांगता येते. सीईटीपीच्या अदलाबदलीतून ट्रायग्लिसराइड आलेले एचडीएल लहान होते आणि लवकर नष्ट होते, म्हणून त्याचा आकडा घटतो. त्याच्यावरच्या प्रथिनांनाही साखर चिकटते आणि ऑक्सिडीकरण रोखण्याची त्याची ताकद कमी होते. पण औषधाने नुसते एचडीएल वाढवून रुग्णांचा फायदा झाला नाही. टॉरसेट्रापिब या सीईटीपी-रोधकाची मोठी चाचणी तर मृत्यू वाढल्याने २००६ मध्ये थांबवावी लागली. कमी एचडीएल ही बिघाडाची खूण आहे. उपचाराचे लक्ष्य म्हणून ते आजवर टिकलेले नाही.

पुरावा कुठे तोकडा आहे

या विषयाचा बराच पाया उंदीर, घुशी आणि काचपात्रातल्या पेशींवर उभा आहे. उंदीर-घुशींच्या रक्तात सीईटीपी नसते, त्यांचे बहुतेक कोलेस्टेरॉल एचडीएलमध्ये असते आणि त्यांचे यकृत आतड्यासारखे आखूड एपोबीही बनवते. लहान, दाट एलडीएलची साखळी त्यांच्यात आपोआप घडतच नाही. काचपात्रातल्या प्रयोगांसाठी सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या हेप-जी-टू पेशी यकृताच्या गाठीतून आलेल्या आहेत. त्यांचे वागणे निरोगी यकृतपेशीसारखेच असेल असे धरून चालता येत नाही.

माणसांतही मधुमेह एकसारखा नसतो. साखर बऱ्यापैकी नियंत्रणात असलेल्या टाइप १ मधुमेह्याचे एलडीएल-एचडीएल अनेकदा ठीक असते. इन्सुलिन पार आटले तर लिपोप्रोटीन लायपेज थंडावून ट्रायग्लिसराइड प्रचंड वाढतात आणि इन्सुलिन दिले की उतरतात. सौम्य टाइप २ मध्ये निर्मिती जास्त असली तरी कण उचलण्याचा वेग टिकून असू शकतो. नियंत्रण सुटले की तो पडतो. म्हणून ‘मधुमेहात यकृत एलडीएल कमी उचलते’ हे विधान कोणत्या रुग्णाबद्दल आणि कोणत्या टप्प्याबद्दल आहे, हे सांगितल्याशिवाय अपुरे राहते.

चाचण्यांचा निकाल

कारणमीमांसा कितीही पटली तरी तिची कसोटी रुग्णांवरच्या चाचण्यांत लागते. त्या चाचण्यांचा कौल आता बराच स्पष्ट आहे.

आधी साखर. टाइप १ मध्ये काटेकोर नियंत्रणाचा हृदयाला फायदा होतो. डीसीसीटी या अमेरिकी चाचणीतील रुग्णांचा पाठपुरावा २००५ मध्ये प्रसिद्ध झाला तेव्हा हृदय व रक्तवाहिन्यांच्या घटना ४२ टक्क्यांनी कमी झालेल्या होत्या. टाइप २ मध्ये तेवढे यश आले नाही. अकॉर्ड चाचणीत साखर फार खाली नेणाऱ्या गटात मृत्यू वाढले आणि २००८ मध्ये तो उपचार थांबवावा लागला.

मग स्टॅटिन. ही औषधे यकृतपेशीत कोलेस्टेरॉल बनणे कमी करतात, त्यामुळे पेशी आपले एलडीएल रिसेप्टर वाढवते. मधुमेहात नेमके जे मंदावलेले असते, तेच इथे वेग घेते. २००४ च्या कार्ड्स चाचणीत २,८३८ मधुमेह्यांना दहा मिलिग्रॅम ॲटोर्वास्टॅटिन किंवा नकली गोळी दिली गेली. त्यांना आधी हृदयविकार नव्हता आणि एलडीएलही फार वाढलेले नव्हते. औषधाच्या गटात मोठ्या घटना ३७ टक्क्यांनी कमी झाल्या आणि फायदा इतका उघड होता की चाचणी दोन वर्षे आधीच संपवली गेली. २००८ मध्ये १४ चाचण्यांतल्या १८,६८६ मधुमेह्यांची एकत्र पाहणी झाली. तीत एलडीएल डेसिलिटरमागे सुमारे ३९ मिलिग्रॅमने उतरले की मोठ्या घटना २१ टक्क्यांनी कमी होतात, असे दिसले.

ट्रायग्लिसराइडचा कौल सर्वांत बोधप्रद आहे. २०२२ च्या प्रॉमिनंट चाचणीत १०,४९७ मधुमेह्यांवर पेमाफायब्रेट तपासले गेले. ट्रायग्लिसराइड सुमारे २६ टक्क्यांनी उतरले, पण एपोबी उतरले नाही, उलट किंचित वाढले. हृदयविकारही कमी झाला नाही. कणातला माल हलका झाला होता, पण कण रक्तातच राहिले होते. कण किती आहेत आणि ते रक्तातून बाहेर जातात का, हाच कळीचा प्रश्न आहे, याचा याहून स्पष्ट पुरावा क्वचितच मिळेल.

एक प्रतिकूल बाबही नोंदवली पाहिजे. स्टॅटिनमुळे नव्याने मधुमेह होण्याचे प्रमाण थोडे वाढते. २०१० च्या एकत्रित पाहणीत ही वाढ ९ टक्के होती. उलट, जन्मतः एलडीएल रिसेप्टर सदोष असलेल्यांत मधुमेह कमी आढळतो. नेदरलँड्समधील २०१५ च्या अभ्यासात तो १.७५ टक्के होता, तर त्यांच्या निरोगी नातेवाइकांत २.९३ टक्के. पेशीत शिरणारे कोलेस्टेरॉल आणि इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींचे आरोग्य यांचा काही संबंध असावा, असे यावरून वाटते. पण ज्याला मधुमेह आहे त्याच्यासाठी हिशोब सरळ आहे. स्टॅटिनचा फायदा या धोक्यापेक्षा कितीतरी मोठा आहे.

आपल्याकडचा मधुमेह

२०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या ‘इंडियाब’ पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी लोकांना मधुमेह आहे. सर्वाधिक प्रमाण गोव्यात, २६.४ टक्के. याच पाहणीच्या पहिल्या टप्प्यात महाराष्ट्राचा समावेश होता. त्यातले रक्तातील मेदाचे आकडे २०१४ मध्ये आले. तपासलेल्या प्रौढांपैकी ७२.३ टक्क्यांचे एचडीएल कमी होते, २९.५ टक्क्यांचे ट्रायग्लिसराइड वाढलेले होते, तर एलडीएल वाढलेले फक्त ११.८ टक्के होते. वर वर्णन केलेली घडण ती हीच: एचडीएल कमी, ट्रायग्लिसराइड जास्त, एलडीएल बेताचे.

ही घडण आपल्याकडे सडपातळ माणसांतही दिसते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी त्यामागचे एक कारण दाखवून दिले आहे. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्यांनी आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी स्वतःचीच तुलना मांडली. दोघांचाही बॉडी मास इंडेक्स २२.३ होता. युडकिन यांच्या शरीरात मेद ९.१ टक्के निघाला, याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. पुण्यात जन्मणारी बाळे वजनाने कमी असली तरी त्यांच्या अंगातला मेद त्या मानाने टिकून असतो, हेही त्यांच्या गटाने दाखवले. वजनाच्या काट्यावर न दिसणारा हा मेद यकृताकडे मेदाम्ले पाठवत राहतो. म्हणून ‘मी जाड नाही, माझे एलडीएल ठीक आहे’ हा दिलासा मराठी मधुमेह्याला परवडणारा नाही.

अहवाल कसा वाचावा

एक उदाहरण घेऊ. एकूण कोलेस्टेरॉल १८०, एचडीएल ३४, ट्रायग्लिसराइड २४०. प्रयोगशाळा बहुधा १९७२ पासून रूढ असलेल्या फ्रीडवाल्ड सूत्राने एलडीएल काढते: १८० वजा ३४ वजा २४० चा पाचवा भाग, म्हणजे ९८. अहवालात ते ‘१०० च्या आत’ म्हणून ठीक दिसते. आता एकूण कोलेस्टेरॉलमधून फक्त एचडीएल वजा करा. उत्तर येते १४६. हे नॉन-एचडीएल कोलेस्टेरॉल. त्यात एलडीएलबरोबर व्हीएलडीएल आणि अवशेषही येतात, म्हणजे एपोबी असलेला प्रत्येक कण मोजला जातो. त्याचे लक्ष्य एलडीएलच्या लक्ष्यापेक्षा ३० ने जास्त धरतात. जास्त धोका असलेल्या मधुमेह्याचे एलडीएल ७० च्या आत आणि नॉन-एचडीएल १०० च्या आत असावे, हृदयविकार होऊन गेला असेल तर ५५ आणि ८५ च्या आत. तेव्हा ९८ हे एलडीएलही पुरेसे खाली नाही आणि १४६ तर लक्ष्याच्या फारच वर आहे. नॉन-एचडीएलसाठी वेगळा खर्च नाही, उपाशी राहावे लागत नाही, एक वजाबाकी पुरते. शक्य असेल तिथे एपोबीही मोजावे.

मधुमेहात कण जास्त बनतात, लहान होतात, त्यांना साखर चिकटते आणि यकृत त्यांना उशिरा उचलते. यातल्या प्रत्येक दोषावर वेगळे औषध शोधले जाईल तेव्हा जाईल. साखरेचे समंजस नियंत्रण, पोटावरचा मेद कमी करणे आणि यकृताचे रिसेप्टर वाढवणारे उपचार हे आज हाताशी आहेत. स्टॅटिनने भागत नसेल तर इझेटिमाइब किंवा पीसीएसके-नाइन रोखणारी औषधेही आहेत. ज्यांच्या घरात मधुमेह आहे त्यांनी पुढच्या भेटीत डॉक्टरांना ‘नॉन-एचडीएल किती आहे आणि ते किती असायला हवे’ हे आवर्जून विचारावे. आणि एलडीएलचा आकडा चांगला आला म्हणून स्टॅटिनची गोळी आपल्या मनाने बंद करू नये. तो आकडा बहुधा त्या गोळीमुळेच चांगला आलेला असतो.